सीडीआय आणि त्याची कार्यप्रणाली : एका अयशस्वी गृहयंत्राचा इतिहास

१

हॉलंडमधील आइंडहोवेन येथे उदयास आलेल्या फिलिप्स कंपनीने १९९१ साली अमेरिकेच्या बाजारात एक नवे यंत्र आणले. ते दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे, त्यात चकती घालावयाची आणि हातातील नियंत्रकाच्या साहाय्याने पडद्यावरील चित्रे, ध्वनी व मजकूर यांमधून आपल्या इच्छेप्रमाणे वाट काढावयाची, अशी त्याची योजना होती. कॉम्पॅक्ट डिस्क इंटरॅक्टिव्ह हे त्याचे पूर्ण नाव; व्यवहारात ते सीडीआय या आद्याक्षरांनीच ओळखले गेले. खेळ, ज्ञानकोश, संग्रहालयदर्शन, संगीत आणि पुढे चित्रपट, हे सारे एकाच यंत्राने घरोघर पोहोचवावे अशी त्याच्या निर्मात्यांची आकांक्षा होती. दशक संपते न संपते तोच हे यंत्र घरगुती बाजारातून नाहीसे झाले.

या अपयशाची सामान्यतः तीन कारणे सांगण्यात येतात : यंत्र महाग होते, त्यावरील खेळ सुमार होते आणि प्रतिस्पर्धी प्रबळ होते. ही तिन्ही कारणे खरी आहेत. परंतु थोडा विचार केल्यास असे दिसून येईल की, त्यांपैकी प्रत्येक कारण हे स्वतःच कशाचा तरी परिणाम आहे. यंत्र महाग का राहिले, खेळ सुमार का निपजले आणि प्रतिस्पर्ध्यांना अवसर का मिळाला, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागल्यास अभ्यासकाला १९८६ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी ‘ग्रीन बुक’ या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या मानकग्रंथाची घोषणा झाली आणि यंत्राचे सर्व अंतरंग, त्याच्या कार्यप्रणालीसह, त्या ग्रंथात बांधले जाऊ लागले. थोडक्यात सांगावयाचे तर, सीडीआयचे व्याकरण आधी लिहिले गेले. ती भाषा बोलणारे लोक मात्र पाच वर्षांनंतर शोधावे लागले.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य दुहेरी आहे. व्यवहार रूढ होण्यापूर्वी मानक पूर्णत्वाने निश्चित केले, तर ते व्यवहाराला वळण देण्याऐवजी त्याच्या वाटेतील धोंड ठरू शकते, हा पहिला भाग. यंत्र नष्ट झाले तरी त्याच्या मानकातील सुविहित अंश अन्य यंत्रांत संक्रांत होऊन टिकतात. जे टिकत नाही ते त्या यंत्रासाठी रचलेले वाङ्मय, हा दुसरा भाग. मराठीच्या अभ्यासकांना यांतील दुसऱ्या भागाशी थेट कर्तव्य आहे, हे लेखाच्या अखेरीस स्पष्ट होईल.

२

सीडीआयची पूर्वपीठिका समजून घेण्यासाठी दोन धागे ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला धागा गृहखेळांचा आहे. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे पहिले विक्रीयोग्य यंत्र, म्हणजे मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, अमेरिकेत १९७२ साली विक्रीस आले. मूळ कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याची होती. १९७४ मध्ये मॅग्नाव्हॉक्स ही कंपनी फिलिप्सच्या मालकीत गेली आणि १९७८ मध्ये ओडिसीची दुसरी पिढी बाजारात आली; युरोपात ती व्हिडिओपॅक या नावाने विकली गेली. तेव्हा खेळयंत्रांच्या व्यवसायात फिलिप्स कंपनी नवखी होती असे म्हणता येत नाही.

दुसरा धागा कॉम्पॅक्ट डिस्कचा. फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये संगीताच्या चकतीचे मानक निश्चित केले. ग्रंथाच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून त्याला ‘रेड बुक’ हे नाव पडले. १९८२ मध्ये चकत्या व त्या वाजवणारी यंत्रे विक्रीस आली. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे मापन करावयाचे आणि प्रत्येक माप १६ द्विमान अंकांत नोंदवावयाचे, येथपासून ते चकतीच्या व्यासापर्यंत सर्व काही त्यात ठरलेले होते. त्यामुळे कोणत्याही कंपनीची चकती कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर वाजू लागली. या सार्वत्रिकतेमुळेच जुनी ध्वनिमुद्रणाची तबकडी मागे पडली.

यानंतर ‘यलो बुक’ या मानकाने त्याच चकतीवर संगणकाची माहिती साठविण्याची सोय केली. परंतु माहितीच्या नस्त्या चकतीवर कोणत्या पद्धतीने रचावयाच्या, हे त्या ग्रंथाने मोकळे सोडले होते. परिणामी प्रत्येक निर्मात्याने आपापली पद्धत वापरली. ही अव्यवस्था दूर करण्यासाठी १९८५ मध्ये काही कंपन्यांचे प्रतिनिधी अमेरिकेतील टाहो सरोवराजवळच्या हाय सिएरा नामक हॉटेलात एकत्र जमले. त्यांच्या प्रस्तावाला पुढे १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले.

फिलिप्सच्या धुरीणांनी या दोन अनुभवांतून जो निष्कर्ष काढला तो वरकरणी निर्दोष होता. जेथे सर्व काही ठरवून दिले तेथे यश आले. जेथे काही मोकळे सोडले तेथे गोंधळ माजला. म्हणून पुढील चकतीच्या बाबतीत काहीही मोकळे सोडू नये. मार्च १९८६ मध्ये सिॲटल येथे मायक्रोसॉफ्ट कंपनीने भरविलेल्या परिषदेत फिलिप्स व सोनी यांनी सीडीआयची घोषणा केली ती याच भूमिकेतून. जपानची मात्सुशिता ही कंपनीही या उपक्रमात सामील झाली.

या अनुमानात एक सूक्ष्म हेत्वाभास दडलेला होता. संगीताच्या चकतीचे मानक लिहिले गेले तेव्हा घरी तबकडी लावून संगीत ऐकण्याचा प्रघात कित्येक पिढ्यांचा होता. ऐकणारा काय करणार, विक्रेता काय विकणार, गायक काय देणार, हे सर्व रूढ होते. बदलले ते केवळ साधन. सीडीआयपाशी असा रूढ व्यवहार नव्हता. घरातील माणसे दूरचित्रवाणीसमोर बसून चित्र, ध्वनी आणि मजकूर यांच्याशी नेमके काय करतील, हे १९८६ मध्ये कोणालाच ज्ञात नव्हते. रूढ व्यवहाराचे प्रमाणीकरण आणि काल्पनिक व्यवहाराचे प्रमाणीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद सिॲटलच्या घोषणेत दृष्टीआड झाला.

३

ग्रीन बुकने यंत्राचे अंतरंग किती तपशिलाने बांधले होते हे पाहणे उद्बोधक आहे. यंत्राचा गणक मोटोरोला कंपनीच्या ६८००० या गणकाच्या कुळातील असावा. स्मृती किमान एक मेगाबाइट असावी. चित्रासाठी एकावर एक ठेवलेले चार स्तर असावेत, म्हणजे सर्वांत वर दर्शक, त्याखाली दोन चित्रस्तर आणि तळाशी पार्श्वपट. आणि या सर्वांवर एक निश्चित कार्यप्रणाली असावी, असे त्याचे विधान होते. या किमान संचावर चालेल अशीच प्रत्येक चकती बनविली म्हणजे ती जगातील प्रत्येक सीडीआय यंत्रावर चालेल, अशी हमी त्यातून मिळत होती.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचे घटक आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यातील व्यवहार पाहणारी मूलभूत आज्ञावली. सीडीआयच्या कार्यप्रणालीचे नाव सीडी-आरटॉस असे होते. ती पूर्णतः नवी नव्हती. अमेरिकेतील आयोवा राज्यातील डे मॉइन येथील मायक्रोवेअर या कंपनीने ओएस-नाइन नावाची कार्यप्रणाली आधी मोटोरोलाच्या ६८०९ या गणकासाठी व नंतर ६८००० साठी रचली होती. कारखान्यांतील नियंत्रणयंत्रांत तिचा उपयोग होत असे. स्वतंत्र आणि स्थलनिरपेक्ष अशा घटकांनी ती बनलेली होती. एकाच वेळी अनेक कामे ती चालवू शकत असे. आणि एखादे काम ठरल्या क्षणी पार पाडण्याचे बंधन ती पाळू शकत असे. या अखेरच्या गुणाला वास्तवकालिकता म्हणतात. सीडीआयसाठी तिच्यात चकतीवरील नस्त्यांचा, पडद्याचा व नियंत्रकाचा कारभार पाहणारे नवे व्यवस्थापक घालण्यात आले आणि ती यंत्राच्या कायम स्मृतीत कोरण्यात आली.

वास्तवकालिकतेची आवश्यकता चकतीच्या वेगामुळे निर्माण झाली होती. चकतीवरून दर सेकंदाला ७५ विभाग वाचले जात. यापेक्षा अधिक नाही आणि कमीही नाही. या एकाच प्रवाहातून चित्र, ध्वनी आणि आज्ञा यांना आळीपाळीने यावे लागे. यासाठी ग्रीन बुकने केलेली योजना भाषाभ्यासकाला विशेष लक्षणीय वाटेल. प्रत्येक विभागाच्या आरंभी एक लहान उपशीर्षक ठेवण्यात आले. हा विभाग कोणत्या नस्तीचा, कोणत्या वाहिनीचा, ध्वनीचा की चित्राचा, हे ते सांगे. विभक्तिप्रत्यय जसा शब्दाचे वाक्यातील कार्य स्वतःबरोबर वाहून नेतो, तसाच हा प्रकार होय. शिवाय विभागांचे दोन वर्ग कल्पिले होते. पहिल्या वर्गात २०४८ बाइट माहिती आणि तिच्या जोडीला दुरुस्तीसाठी जादा संकेत असत. दुसऱ्या वर्गात दुरुस्तीची ही जोड वगळून २३२४ बाइट माहिती असे. आज्ञावलीतील एक अक्षर चुकले तर सर्व कार्य बिघडते, म्हणून तिच्यासाठी पहिला वर्ग; चित्रातील एखादा ठिपका चुकला तर तो डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून चित्र व ध्वनी यांसाठी दुसरा.

ध्वनीच्याही निरनिराळ्या प्रती ठरविल्या होत्या. सर्वांत खालच्या प्रतीचे एकवाहिनी भाषण नोंदविल्यास सोळा विभागांपैकी केवळ एक विभाग त्यास पुरे. याचा अर्थ असा की, एकाच चकतीवर समांतर सोळा निवेदने ठेवता येत होती आणि ऐकणाऱ्याला क्षणात एका निवेदनावरून दुसऱ्यावर जाता येत होते. ७२ मिनिटांच्या चकतीत या हिशेबाने एकोणीस तासांहून अधिक भाषण मावे. बहुभाषिक शिक्षणासाठी याहून सोयीस्कर साधन त्या काळी क्वचितच असेल.

४

परंतु याच हिशेबात यंत्राची मर्यादाही लपलेली होती. युरोपीय पद्धतीच्या पडद्यावरील नैसर्गिक चित्रात ३८४ गुणिले २८० ठिपके असत आणि प्रत्येक ठिपक्यास एक बाइट लागे. म्हणजे एका चित्रास सुमारे १ लाख ७ हजार बाइट. चकतीकडून सेकंदाला मिळत ते सुमारे १ लाख ७४ हजार बाइट. एक पूर्ण चित्र यावयास सेकंदाच्या सहा दशांशांइतका वेळ लागे. चलच्चित्रासाठी सेकंदाला २५ चित्रे हवीत. तेव्हा उपलब्ध प्रवाहाच्या सुमारे पंधरा पट प्रवाह आवश्यक होता. ग्रीन बुकमध्ये यावर उपाय नव्हता. स्थिर चित्रे, पडद्याच्या एखाद्या भागातील हालचाल आणि सपाट रंगांची व्यंगचित्रे येथवरच त्याची मजल होती.

ही उणीव उघडी पडण्यास एका वर्षाचाही अवधी लागला नाही. मार्च १९८७ मध्ये त्याच परिषदेच्या दुसऱ्या अधिवेशनात प्रिन्स्टन येथील सार्नॉफ संशोधन केंद्राने डीव्हीआय नावाचे तंत्र सादर केले. चित्रांचे संक्षेपण करून साध्या चकतीवरून पूर्ण पडद्याचे चलच्चित्र दाखविता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष सिद्ध केले. डीव्हीआय हे तंत्रही घराघरांत पोहोचले नाही ही गोष्ट वेगळी. पण सीडीआयचे यंत्र बाजारात येण्यापूर्वीच त्याचे मानक अपुरे ठरले होते, हे त्या दिवशी सर्वांच्या लक्षात आले.

येथे फिलिप्सपुढे दोन मार्ग होते. मानक पुन्हा उघडून त्यात चलच्चित्राची सोय करावयाची, अथवा ठरल्याप्रमाणे यंत्र त्वरित विक्रीस काढावयाचे. प्रत्यक्षात दोन्ही मार्गांचे तोटे तेवढे पदरी पडले. यंत्र १९९१ पर्यंत रेंगाळले आणि तरीही चलच्चित्राविनाच आले. युरोपात ते १९९२ मध्ये पोहोचले. चलच्चित्र दाखविणारी जोडपेटी १९९३ मध्ये वेगळी विकण्यात येऊ लागली. ती एमपेग-एक या आंतरराष्ट्रीय संक्षेपणमानकावर आधारलेली होती. या जोडपेटीने उणीव दूर झाली. परंतु मानकाचा प्राण असलेली हमी मात्र संपुष्टात आली. आता काही चकत्या प्रत्येक यंत्रावर चालत, काहींना जोडपेटी लागे. ज्या एकरूपतेसाठी लवचिकपणाचा त्याग केला होता ती एकरूपताही राहिली नाही.

किमतीचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. आरंभी यंत्राची किंमत सातशे ते हजार डॉलरांच्या घरात होती. त्याच वर्षी अमेरिकेत निन्टेन्डो कंपनीचे सुपर निन्टेन्डो हे खेळयंत्र १९९ डॉलरांना मिळू लागले. चकतीवाचक, एक मेगाबाइट स्मृती आणि विशेष चित्रगणक हा संच मानकानेच किमान म्हणून विहित केल्यामुळे त्यातून काही वगळून स्वस्त यंत्र बनविण्यास निर्मात्याला मुभा नव्हती.

याखेरीज नामकरणाचीही एक अडचण होती. ‘रेडिओ’, ‘टेपरेकॉर्डर’, ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द उच्चारताच घरातील माणसाच्या मनात त्या वस्तूचे स्थान निश्चित होते. सीडीआय हे नाव एका मानकाचे होते, वस्तूचे नव्हते. आरंभीच्या चकत्यांत स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहाचे दर्शन होते, छायाचित्रणाचे पाठ होते, लहान मुलांसाठी ‘सेसमी स्ट्रीट’ची पात्रे होती. हे शिक्षक म्हणावे, ग्रंथ म्हणावा की खेळणे, याचा निर्णय विक्रेत्याला करता आला नाही आणि ग्राहकालाही नाही. ज्या वस्तूला लोकभाषेत कोटी नाही तिला घरात जागा मिळणे कठीण जाते.

५

शिक्षण व ज्ञान यांच्या बळावर यंत्र खपत नाही असे दिसताच फिलिप्सने खेळांकडे मोहरा वळविला. या टप्प्याचा इतिहास निन्टेन्डो कंपनीशी जोडलेला आहे. निन्टेन्डोने आपल्या यंत्राला चकतीची जोड देण्यासाठी सोनीशी करार केला होता. जून १९९१ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात सोनीने आपल्या संयुक्त यंत्राची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने, आपण फिलिप्सबरोबर काम करणार असल्याचे जाहीर केले. निन्टेन्डो व फिलिप्स यांचे संयुक्त यंत्रही अखेर निघाले नाही. पण या व्यवहारातून निन्टेन्डोची काही पात्रे वापरण्याचा अधिकार फिलिप्सला मिळाला. त्यांतून १९९३ मध्ये ‘लिंक : द फेसेस ऑफ ईव्हिल’ व ‘झेल्डा : द वाँड ऑफ गॅमेलॉन’ आणि १९९४ मध्ये ‘हॉटेल मारिओ’ हे खेळ सीडीआयवर आले. पुढील पिढीत या खेळांची कुचेष्टाच अधिक झाली.

या कुचेष्टेचा सर्व भार रचनाकारांवर टाकणे न्याय्य ठरणार नाही. धावणे, उडी मारणे, चुकविणे हा ज्या खेळांचा प्राण आहे त्यांना पडद्यावर अनेक लहान आकृती स्वतंत्रपणे व तत्काळ हलविता याव्या लागतात. सुपर निन्टेन्डोच्या चित्रगणकात अशा १२८ आकृतींची सोय यंत्रातच होती. सीडीआयच्या यंत्रात अशी हलती आकृती एकच होती, ती म्हणजे १६ गुणिले १६ ठिपक्यांचा दर्शक. बाकी सर्व आकृती गणकाने स्वतः रंगवावयाच्या. कार्यप्रणालीचे सारे कौशल्य चकतीवरून येणारा प्रवाह अखंड ठेवण्यात होते. खेळणाऱ्याच्या बोटाला तत्क्षणी प्रतिसाद देणे हा तिचा प्रधान हेतू नव्हता. ग्रंथ उलगडून दाखविणाऱ्या यंत्रावर खेळ चढविण्यात आला, आणि ते ओझे त्याला पेलले नाही.

हे केवळ फिलिप्सचेच प्राक्तन होते असे नाही. कमोडोर कंपनीचे सीडीटीव्ही (१९९१), टँडी कंपनीचे व्हीआयएस (१९९२), थ्रीडीओ (१९९३) आणि ॲपल व बंडाई या कंपन्यांचे पिपिन (१९९६) ही यंत्रेही अशाच आकांक्षेने आली आणि थोड्याच काळात मावळली. त्यांपैकी पिपिनची तुलना विशेष उद्बोधक आहे. त्यात मॅक संगणकाची कार्यप्रणाली थोड्या फेरफाराने वापरली होती, आणि ती यंत्रात न ठेवता प्रत्येक चकतीवर देण्याची योजना होती. म्हणजे कार्यप्रणाली यंत्रात गोठविण्याचा सीडीआयचा दोष तेथे नव्हता. तरीही पिपिन टिकले नाही. यावरून, केवळ मानकाच्या ताठरपणामुळेच ही यंत्रे बुडाली असे एकांगी विधान करणे योग्य होणार नाही. या सर्वांना समान असलेली उणीव म्हणजे घरातील रूढ व्यवहाराचा अभाव. सीडीआयच्या बाबतीत मानकाच्या ताठरपणाने ती उणीव भरून काढण्याची संधीही नाहीशी केली, एवढेच म्हणता येते.

याउलट सोनीने डिसेंबर १९९४ मध्ये जपानात स्वतंत्रपणे आणलेले प्लेस्टेशन हे यंत्र प्रथमपासून खेळासाठीच घडविलेले होते. ग्रीन बुकच्या मूळ प्रवर्तकांपैकी एकानेच त्या ग्रंथाबाहेर पडून यश मिळविले, ही घटना बोलकी आहे.

६

तथापि सीडीआयचा वृत्तान्त येथे संपत नाही. यंत्राचा अंत आणि मानकाचा अंत या दोन घटना एकरूप नसतात.

ग्रीन बुकमधील विभागांचे दोन वर्ग, उपशीर्षकाची योजना आणि ध्वनीची संक्षिप्त नोंदणी हे अंश फिलिप्स, सोनी व मायक्रोसॉफ्ट यांनी १९८८ मध्ये जाहीर केलेल्या सीडीरॉम एक्सए या मानकात उचलण्यात आले. कार्यप्रणाली आणि चित्रस्तरांचे बंधन मात्र त्यात वगळले. प्लेस्टेशनच्या चकत्या याच मानकाप्रमाणे बनविल्या गेल्या. तेव्हा ज्या यंत्राने सीडीआयला मागे टाकले त्याच्या चकतीवर ध्वनी व चित्र यांची जी गुंफण होती, ती सीडीआयचीच देणगी होती.

दुसरा अवशेष महाराष्ट्रातील घरांना अधिक परिचित आहे. १९९३ मध्ये ‘व्हाइट बुक’ या मानकाने व्हिडिओ सीडी अस्तित्वात आली. एमपेग-एक संक्षेपण आणि ग्रीन बुकमधील विभागरचना यांच्या संयोगातून ती बनली होती. एका चकतीत सव्वा तासाच्या आसपास चलच्चित्र मावत असल्याने एक चित्रपट दोन किंवा तीन चकत्यांवर येत असे. पुढील दशकात मराठी चित्रपट आणि नाटके याच रूपाने घरोघर पाहिली गेली आणि गल्लोगल्लीच्या वाचनालयांसारखी चकत्या भाड्याने देणारी दुकाने चालली. अशी चकती संगणकात उघडल्यास तिच्यावरील कप्प्यांत अनेकदा सीडीआय या नावाचाही एक कप्पा आढळतो. व्हिडिओ सीडी फिलिप्सच्या यंत्रावरही चालावी म्हणून त्या यंत्रासाठी लागणारा कार्यक्रम ठेवण्याची ती जागा होय. ज्या घरांनी सीडीआयचे नावही ऐकले नव्हते त्या घरांत त्याचा हा अवशेष अशा रीतीने नांदला. व्यवहारातून गेलेला शब्द एखाद्या समासात वा ग्रामनामात टिकून राहावा, तसाच हा प्रकार आहे.

जे टिकले नाही ते सीडीआयचे वाङ्मय. त्याच्या चकत्या सामान्य संगणकाला वाचता येत नाहीत. त्यांना त्यांचीच कार्यप्रणाली हवी. मूळ यंत्रांपैकी अनेकांत काळ व नोंदी राखणाऱ्या स्मृतीची विद्युत्घटिका त्या भागाच्या आतच बंद केलेली असल्याने, ती संपली की यंत्राची स्मृती जाते व पुष्कळदा यंत्रही सुरू होत नाही. हौशी अभ्यासकांनी संगणकावर या यंत्राची प्रतिकृती चालविणाऱ्या आज्ञावल्या रचल्या आहेत आणि त्यामुळेच त्या वाङ्मयाचा काही भाग आज पाहता येतो.

७

या वृत्तान्ताला महाराष्ट्रात एक समांतर उदाहरण आहे आणि ते पुण्यातील आहे. सीडीआय अमेरिकेत विक्रीस आले त्याच १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने इस्की हे भारतीय लिप्यांचे संकेतमानक स्वीकृत केले. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेत आरंभ झालेले आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेले जिस्ट हे तंत्र या मानकाचा प्रमुख आधार होते. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकच संकेतसारणी, अक्षरे दिसण्याच्या क्रमाने न साठविता उच्चाराच्या क्रमाने साठविणे, आणि जोडाक्षर हे स्वतंत्र चिन्ह न मानता व्यंजन, हलन्तचिन्ह व व्यंजन असा अनुक्रम मानणे, ही त्याची तत्त्वे होती.

इस्की आज प्रत्यक्ष व्यवहारात जवळजवळ राहिलेले नाही. त्याची जागा युनिकोडने घेतली. परंतु युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे आणि उच्चारक्रमाचे व हलन्ताचे तत्त्व त्यात जसेच्या तसे नांदते आहे. इस्कीच्या बाबतीत व्यवहार रूढ होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मराठी लिहिणारे लोक शतकानुशतके होते. मानकाने त्यांच्या वर्णमालेचे अंगभूत तर्कशास्त्र तेवढे नोंदविले. म्हणून त्याचा गाभा संपूर्णपणे पुढे संक्रांत होऊ शकला. सीडीआयचे फक्त सुटे भाग संक्रांत झाले.

पण याच काळात मराठी मुद्रणाच्या व्यवसायात दुसरी पद्धत अधिक पसरली होती. अक्षरांचे आकार रोमन संकेतांच्या जागी बसविणारे निरनिराळे टंक वापरून पुस्तके, नियतकालिके आणि प्रबंध जुळविले गेले. त्या नस्त्यांत मराठी मजकूर नसतो; विशिष्ट टंकाच्या आकारांचा अनुक्रम तेवढा असतो. टंक हरवला की उरतो तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. सीडीआयच्या चकतीची जी स्थिती झाली तीच स्थिती गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातील कितीतरी मराठी लेखनाची होऊ शकते.

या हानीचे स्वरूप कळण्यासाठी पुणे जिल्ह्यातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी सिद्ध केलेला त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणदार पेटी सापडली. तिच्यात स्त्रीमूर्ती होती आणि पेटीवर दुसरी स्त्रीमूर्ती व बैल ठेवलेला होता. त्या मूर्तींचा अर्थ काय, याविषयी विद्वानांना अनुमानेच करावी लागतात. तथापि ती स्त्री आहे आणि तो बैल आहे हे तीन हजार वर्षांनंतरही केवळ डोळ्यांनी कळते, कारण कच्च्या मातीची ती वस्तू पाहण्यास कोणत्याही मध्यस्थाची गरज नाही. चकतीवरील वाङ्मयाच्या बाबतीत अर्थ लावण्याचा प्रश्न पुढचा. आधी ते दिसलेच पाहिजे, आणि ते दिसण्यासाठी मानक, यंत्र व कार्यप्रणाली या तिन्ही गोष्टी हयात असाव्या लागतात.

सीडीआयच्या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. मानक टिकते ते त्यातील तपशिलाच्या पूर्णतेमुळे नव्हे, तर ज्या व्यवहाराचे ते वर्णन करते त्याच्या रूढतेमुळे. आणि मानकावर विसंबून साठविलेले वाङ्मय त्या मानकाचे वर्णन सोबत राखल्याविना सुरक्षित राहत नाही. यांतील दुसरा निष्कर्ष विद्यापीठांच्या भाषाविभागांना कर्तव्य सांगणारा आहे. जुन्या टंकांत अडकलेले प्रबंध, शब्दसूची आणि बोलींच्या नोंदी त्या टंकांचे जाणकार व ती यंत्रे उपलब्ध आहेत तोवरच युनिकोडमध्ये उतरविल्या पाहिजेत, आणि प्रत्येक संग्रहासोबत त्याच्या मूळ संकेतपद्धतीचे वर्णन कागदावर जपले पाहिजे. हे काम खर्चिक नाही. पण ते पुढील पिढीवर टाकता येण्याजोगेही नाही.